कानामागचं ‘मिटवा’

चि. मंजुश्रीस,

इंद्रभानकाकाचा सप्रेम जय भीम. पुण्याची हवा तुझ्या खोकल्याला मानवली का? वरवट बकालला सगळे खुशाल आहेत. बिघडलाय तो माझा रक्तदाब, आणि त्याला जबाबदार तू आहेस.

तू बनवलेल्या कंप्युटर-प्रोग्रामची मी गावभर तारीफ केली होती. हेडफोन लावला की ‘उघडा’ डावीकडून, ‘वाचा’ उजवीकडून, ‘ठेवा’ समोरून, ‘मिटवा’ मागून. शब्द ज्या बाजूनं येईल त्या बाजूचा बाण दाबायचा. (आंधळ्याला दया नको, बरोबरीचा हक्क हवा, हे मी प्रत्येक सभेत ठणकावतो.) शुक्रवारी उपसरपंच शेषराव वाचनालयात सभा भरवून माझी परीक्षा घ्यायला आले. आंधळ्याला कंप्युटर चालवता आला नाही, तर तो उचलून ग्रामपंचायतीत न्यायचा, असं ठरलेलं. मी त्यात साठवलेलं माझं भाषण उघडलं. एक वाक्य जहाल केलं. आता फक्त ‘ठेवा’, की भाषण जपलं जाणार.

पण टेबल भिंतीकडे तोंड करून, आणि सभेला पाठ दाखवणं माझ्या रक्तात नाही. कीबोर्ड मांडीवर घेऊन मी खुर्ची गर्रकन फिरवली. मी फिरलो, म्हणजे समोरचं ‘ठेवा’ आता पाठीमागे गेलं, हा माझा हिशेब. (हेडफोनबरोबर तुझी सगळी दुनियाही फिरते, हे कोणी सांगायचं?) आणि पुढचा आवाज कुठला, मागचा कुठला, हे कानाला धड कळेना. मी मागचा बाण दाबला. कानात शांतपणे आलं, “मिटवलं.”

अख्खं भाषण पुसलं गेलं. मग मी उठलो आणि कागदाशिवाय, यंत्राशिवाय असा बरसलो की टाळ्या थांबेनात. टाळ्या सरल्यावर शेषराव म्हणाले, “इंद्रभानभाऊ, तुमचं त कंप्युटरबिगर फस्सक्लास चालून राह्यलं. मंग हे डबडं आम्ही नेतो ना बाप्पा!”

तुझी काकू धम्मशीला उठली. “मानूस बोलते म्हून त्याचं वाचनं काऊन बंद करता, भाऊजी?” सोमवारी पुन्हा परीक्षा, तोवर मुदत मिळाली.

तुझा,
इंद्रभानकाका

ता. क. सोमवारच्या आत ‘मिटवा’ला निदान “नक्की ना?” एवढं विचारायला शिकव. मीही पाठ दाखवून बसेन.

पुन्हा ता. क. हे पत्र मी स्वतः, याच कंप्युटरवर लिहिलंय. आजवरची सगळी काकूच्या हातची, म्हणून त्यांत तिच्या पिठल्याची स्तुती असायची. मंजू, ते घशाखाली उतरत नाही गं. कंप्युटर जाता कामा नये. उत्तर त्याच्यावरच पाठव. फोन तीच उचलते.