ज्वारीत टांगलेली डिस्क

२ डिसेंबर
दुपारी सुरतेहून मेघाचा फोन. "आई, लिंक पाठवलीय. आधी बघ, मग बोल." लेक कॉलेजात शिकायला गेली की हेच शिकते, वाटलं.
बघितली. तापीचं पाणी. सारंगखेड्याचा काठ. गुडघाभर पाण्यात हिरव्या लुगड्यातली एक पोरगी.
मी. एकोणीस वर्षांची.
फोन पालथा ठेवला. मग परत सरळ केला.

३ डिसेंबर
भाकरी थापताना तेच गाणं. गावातल्या पोरांनी भाड्याचा कॅमेरा आणून काढलेला अहिराणी पिक्चर. मला एकच गाणं होतं. लगेच लग्न ठरलं. बाबा म्हणाले, सासरी त्या पिक्चरचं नाव काढायचं नाही. नाही काढलं. यात्रेत डिस्क विकल्या म्हणे, मी मात्र पिक्चर कधी बघितलाच नाही. मेघाला तरी काय, मामानेच कधीतरी हसत सांगून टाकलेलं.

६ डिसेंबर
सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की रोज बघायचे. त्या पोरीच्या अंगावर ऊन असं पडतं की… काय होतं ते तेव्हा कुठे कळलं होतं.
आज काळी चौकट. 'हा व्हिडिओ उपलब्ध नाही.'
मेघा म्हणाली, "मी डाउनलोड केलेलं गं, पण तेही उघडत नाही." मग ठेवलं कुठे होतं तिनं? दोन-तीन ॲपवरही शोधलं तिनं. जगभरचे पिक्चर आहेत तिथे. आमचा नाही.

९ डिसेंबर
नवापूर. भाचीचा साखरपुडा. बाजारात जाऊन सलीमभाईंचं दुकान गाठलं. पूर्वी डिस्कचं, आता मोबाइलच्या कव्हरांचं. पदर ओढून पिक्चरचं नाव सांगितलं.
"वो? अरे, क्या चलता था! शेवटचा खोका म्हसावदचा एक पाटील घेऊन गेला. ज्वारीमध्ये टांगायला. चमकतं ना, पाखरं भितात."
बोलता बोलता थांबले. "आप तो…"
मी कव्हरं बघत राहिले. निळं एक घेतलं. माझ्या फोनला बसतच नाही.

१२ डिसेंबर
ह्यांना कळलं. मेघा बोलून गेली. तिला वाटलं, पप्पांना माहीत असणारच.
जेवून केळीला पाणी द्यायला गेले ते दिवेलागणीला आले. पाय धुताना, माझ्याकडे न बघता, "माले कसाले सांगं नही?"
"बाबा नको म्हणाले होते."
"बाबा नही म्हने. आनि तू?"
बाबांना जाऊनही किती वर्षं झाली. सलीमभाईंचं दुकान, म्हसावदला गेलेला खोका, तेवढं मात्र सांगून टाकलं.

१४ डिसेंबर
अबोला. ताटात भाजी मात्र दोनदा मागून घेतली.

१५ डिसेंबर
सकाळी गाडी काढून दारात उभे. "चाल. म्हसावदले जाऊत."
वाटेत थंडी होती, मी त्यांच्या पाठीशी वारा चुकवत बसले.
लांबून वाटलं शेतात पाणीच हलतंय. जवळ गेलो तर डिस्क. ज्वारीवरून सुतळ्या ताणलेल्या, वाऱ्यावर शेकडो डिस्क गिरक्या घेत होत्या. प्रत्येकीत सूर्य, क्षणभर आकाश, क्षणभर मी. चालता चालता आपण कुठे आलोय तेच विसरले.
पाटील म्हणाला, "पाखरं आते भ्यात नहीत. जी लागी ती ली जा."
हे एका ओळीने, मी दुसऱ्या. बऱ्याचशा उन्हाने कोऱ्या झालेल्या.
"हाई देख."
नाव अर्धं उडालेलं. खाली थोडा हिरवा रंग. ह्यांनी ती सदऱ्याला पुसली. हळू, आरसा पुसावा तशी.

१६ डिसेंबर
माळ्यावरून जुना प्लेअर काढला. ट्रे उघडेना, ह्यांनी टाचणी घालून उघडला. सासूबाई जपमाळ घेऊन येऊन बसल्या. त्यांना उठा कसं म्हणणार?
चित्र आलं. मध्येच चौकोन पडायचे, परत चालायचं. मग नदी. मग मी. पाण्यात वळते, मागे बघून हसायला लागते आणि तिथेच अडकलं.
सासूबाई पुढे वाकल्या. "हाई कोन शे?"
हे माझ्याकडे बघत होते. सांगणार नव्हते, मलाच सांगू देत होते.
"मी शे ती."
माळ थांबली. मला माझ्याच कानात पाणी वाजल्यासारखं.
"पानी थंड व्हतं का वं?"
"व्हतं."
"मंग पुढे काय व्हस?"
गाण्याच्या पुढचं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.
हे डिस्क काढायला उठले, तर सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे."
मी आत येऊन हे लिहितेय. बाहेर चित्र तसंच आहे, आणि त्या अजून समोर बसल्यात.