सुनेच्या हाताखाली सोल्डरिंग

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

बोट भाजलं. उजव्या हाताची तर्जनी. सोल्डरिंगचं आयर्न मी पेन धरतात तसं धरलं — म्हणजे तापलेल्या टोकाजवळ! मूठ मागे आहे हे दिसत होतं. पण एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला कोण सांगणार, कुठे धरायचं ते!

सुनेनं सांगितलं. सृष्टीनं. आधी स्विच बंद केला, मग माझा हात नळाखाली नेला आणि दहा मिनिटं तसाच धरायला लावला. आमची ही, म्हणजे बायको, आतून टूथपेस्ट घेऊन धावत आली. सृष्टी म्हणाली, आई, काय एक लावू नकात, नुसतां पाणी. फोड आला तर फोडायचा नाही, असंही मला बजावलं.

निवृत्त होऊन पाच महिने झाले. मालवण डेपोतून सुटलो तो घरच्या पडवीत येऊन बसलो. त्याच पडवीत सृष्टीनं दुरुस्तीचं टेबल मांडलंय. आयटीआय झालेली मुलगी. मिक्सर, टीव्ही, होड्यांवरचे वायरलेस सेट — काहीही आणा, उघडते. ओमकार, आमचा मुलगा, सकाळच्या गाडीनं ओरोसला कचेरीत जातो. मग दिवसभर ती टेबलाशी आणि मी आरामखुर्चीत. परवा मीच म्हटलं, माका शिकव. ती हसली नाही. त्याचं बरं वाटलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज नियम. लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

आयर्न हातातून सुटलं तर झेलायला जायचं नाही. पडू द्यायचं. हे मला सगळ्यात कठीण जाणार — काही पडलं की हात आधी जातो. काम थांबलं की आयर्न स्टँडवरच ठेवायचं. मी पेपरवर ठेवलं. क्रिकेटच्या पानाला आरपार भोक. लुंगी नेसून बसायचं नाही, वितळलेला थेंब मांडीवर पडतो. पँट आणि बूट. म्हणजे निवृत्तीनंतर पुन्हा ड्युटीचा वेश! चष्मा डोळ्यांवर हवाच. बारीक दिसावं म्हणून मी ओणवा झालो तर सगळा धूर नाकात. तिनं छोटा पंखा असा लावला की धूर माझ्यापासून दूर, खिडकीकडे जाईल.

दोन्ही हात अडकले होते म्हणून सोल्डरची तार दातात धरली.  ती नुसता तळहात पुढे करून उभी राहिली, मी तार काढून देईपर्यंत. तारेत शिसां आसा, म्हणाली. मग साबणानं हात धुतल्याशिवाय चहा नाही, आणि चहा त्या टेबलावर तर नाहीच.

ही आतून म्हणाली, माझा इतक्या वर्षांत कधी ऐकलास नाय!

११ नोव्हेंबर, सोमवार

मला वाटलं होतं, तार वितळवायची आणि थापायची. लहानपणी कळशीला डाख लावणारा दारात बसायचा, तो तसंच करताना दिसायचा. इथे तसं नाही. ज्या दोन गोष्टी जोडायच्या त्या आधी स्वच्छ करायच्या, मग तापवायच्या, मग तार त्यांना टेकवायची. ती आपसूक आत पाझरते. आयर्नवर थेंब वितळवून वरून ठेवला तर जोड झाल्यासारखा दिसतो, पण आत पकड नसते. त्याला म्हणायचं ड्राय सोल्डर. आणि थिजेपर्यंत हलवायचं नाही. फुंकर मारायची नाही. मी फुंकर मारतोच! पेज गरम असली तरी मारतो.

एका मोडक्या रेडिओच्या बोर्डावर चाळीस जोड केले. तिनं भिंग लावून बघितले. पास तीन.

बाकीच्यांत काय वाईट आहे, विचारलं. वाईट नाय, कच्चे आसत, म्हणाली.

मला चाळीसच्या चाळीस सारखे दिसत होते. राग आला. दुपारी नीट जेवलो नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज स्वतःच्या हातानं एक अख्खं काम केलं!

सृष्टी आणि ओमकार तिच्या माहेरी तळेऱ्याला गेलेत. अकरा वाजता महंमद आला, वायरलेस सेट काखेत घेऊन. त्याची होडी आहे, धाकटा भाऊ झैद आणि आणखी दोघं घेऊन मासेमारीला जातो. सेट लागत नव्हता. उद्या पहाटे जायचंय, म्हणाला, सृष्टी कधी येतली? उद्या दुपारी, म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, दी हय, बघतंय.

उघडला. बॅटरीकडून येणारी तार आत सुटली होती, बाकी काही नाही. आयर्न तापवलं, पँट-बूट घातले, पंखा लावला, जोडली. बॅटरी लावली तर दिवा पेटला आणि खरखर सुरू! महंमदनं माझा हात हातात घेऊन हलवला.

सृष्टीला सांगणार आहे. सावकाश. आधी चार दिवस सेट चालू दे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

महंमदची होडी काल बंद पडली. सकाळी, किनाऱ्यापासून बरीच आत. इंजिन थांबलं म्हणून त्यानं वायरलेस उचलला — वायरलेस मेलेला. मोबाइलला रेंज नाही. वारा बाहेरच्या बाजूला ढकलत होता. पाच तास होडी वाहत गेली. शेवटी देवगडकडच्या एका ट्रॉलरला झैदनं हलवलेला शर्ट दिसला, त्यांनी ओढून आणलं. चौघंही सुखरूप.

आज सकाळी सलमा आली, महंमदची बायको. सेट सृष्टीच्या टेबलावर ठेवला. बसली नाही. आवाज अजिबात चढवला नाही तिनं. "सृष्टी, बाजारात दुसरी दुकानां आसत. आमी तुज्याकडे येताव," एवढंच म्हणाली.

सृष्टीनं सेट उघडला. भिंग लावलं. मी आरामखुर्चीत होतो, चार हातांवर. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं — एकदाच — आणि सलमाला म्हणाली, "चूक झाली, भाभी. मी बघतंय."

मी तोंड उघडलं नाही.

दुपारी नाक्यावर गेलो तर दोघं जण बोलत होते, बायकांच्या हातात असली कामं द्यायचीच नाहीत. मी परत फिरलो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मत देऊन आलो. रांगेत माझ्यापुढे झैद. पूर्ण वेळ त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिलो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगून आलो.

शुक्रवार म्हणून महंमदची होडी किनाऱ्यालाच. नमाज आटोपून तो, झैद आणि शेजारचे तीन-चार जण जाळी शिवत बसले होते. घरी एकट्या महंमदला गाठून सांगता आलं असतं. पण नाव चारचौघांत गेलंय तिचं, तर चारचौघांतच सांगायला हवं होतं. जाताना दोनदा वाटेत थांबलो. करूळच्या घाटात धुक्यातून गाडी उतरवतानाही कधी असा थांबलो नव्हतो.

म्हटलं, "महंमद, तो सेट मिया जोडललंय. सृष्टीन नाय. ती तळेऱ्याक गेलली. तिका म्हायत पण नव्हता."

 झैदनं हातातली सुई खाली ठेवली.

महंमद म्हणाला, "ड्रायव्हर, पंधरा दिस शिकलल्या माणसाच्या हातात तू तुझी गाडी दिली असतंस?"

"नाय."

"गाडीत पन्नास माणसां. होडयेत आमी चार. चारांचीय घरां आसत."

मी तिथेच उभा राहिलो. त्यानं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं आणि म्हणाला, सेट सृष्टीकडेच राहू दे. सलमाला पाठवतो तिच्याशी बोलायला.

नाक्यावर थांबलो. ते मंगळवारचे दोघं होते तिथे. त्यांनाही सांगितलं. एकानं चहा पुढे केला, घेतला नाही.

घरी येऊन सृष्टीला म्हटलं. तिनं टेबल पुसता पुसता ऐकून घेतलं.

"माका तेव्हाच कळला. तुमचो जोड मी वळाखतंय, बाबा."

"मगे सलमाक सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी सांगतलास, म्हणान."

पाच तास चार माणसं पाण्यावर, तीन दिवस तिचं नाव लोकांच्या तोंडी — आणि ही पोर थांबली होती. मी सांगेन म्हणून!

२३ नोव्हेंबर, शनिवार

सलमा येऊन गेली. दोघी आत हिच्याबरोबर बसून बोलल्या. सलमानं जाताना सृष्टीच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. बरोबर आहे.

मग सृष्टीनं तोच सेट माझ्यापुढे सरकवला. "तुमचो जोड काढा. परत करा. मी बघतंय."

मी नको म्हटलं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

आधी बॅटरी सोडवली. आत वीज नाही ना, हे मीटरनं तपासलं — त्या दिवशी मी ते केलंच नव्हतं. मग जुना जोड भिंगाखाली बघितला. वरून गोळा, खाली तार अगदी कोरी. थेंब वरून ठेवला होता, आणि थिजण्याआधी सेट उचलून महंमदला दाखवला होता. दिवा पेटलेला बघून मी खूश झालो. तार नुसती टेकलेली होती. होडीच्या हादऱ्यानं सुटली.

जुनं सोल्डर काढलं. तार खरवडली, तिच्यावर आलेला हिरवट खार गेला. बिट, म्हणजे आयर्नचं टोक, ओल्या स्पंजवर पुसलं. सोल्डरिंगची पेस्ट लावली, अगदी थोडी. तार आणि ती जिथे जोडायची ती पट्टी, दोन्ही तापवली. सोल्डर टेकवलं — पाझरलं! आयर्न उचललं आणि हात लावला नाही. फुंकर आली होती ओठांपर्यंत, गिळली. सृष्टीनं थंड झाल्यावर ओढून बघितलं, हलवून बघितलं. मग तार ओढली गेली तरी ताण जोडावर येऊ नये म्हणून ती पेटीला कशी बांधायची ते दाखवलं. सेट चार तास चालू ठेवला, मध्ये मध्ये टेबल हलवत.

भिंगातून बघून म्हणाली, "पक्को."

एसटीत बिनअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता. तो कपाटात आहे. आज त्याच्यापेक्षा जास्त वाटलं.

१ डिसेंबर, रविवार

महंमदचा सेट आठवडाभर समुद्रात आहे. चालतो.

८ डिसेंबर, रविवार

रोज वीस जोड, जुन्या बोर्डावर. आज वीसपैकी अठरा. एकात सोल्डर जास्त झालं, शेजारच्या जोडाला चिकटलं. दुसऱ्यात बिट फार वेळ दाबून ठेवलं, बोर्डावरची तांब्याची पट्टीच उचलली गेली. कुठे चुकलं ते मीच आधी सांगितलं, ती बघायच्या आत.

गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावत नाही. तिनं नको म्हटलेलं नाही. मीच लावत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

धामापूरच्या बाजूला एका शाळेनं सृष्टीला बोलावलं होतं, नववीच्या मुलांना सोल्डरिंग दाखवायला. म्हणाली, बाबा, तुमी चला. सामान उचलायला असेल, असं समजून गेलो.

मुलांपुढे ती अशी बोलत होती की मी बघतच राहिलो. घरात मालवणी बोलणारी आमची सून तिथे एकदम स्वच्छ शाळेतलं मराठी, फळ्यावर चित्र, हातात आयर्न. पुढच्या बाकावरची मुलगी तापलेलं आयर्न बघायला वाकली, तिची वेणी पुढे आली. सृष्टीनं बोलणं न थांबवता ती मागे टाकली आणि रबर लावायला सांगितलं. मग म्हणाली, "हे माझे सासरे. माझे पहिले विद्यार्थी. नवा माणूस काय काय चुका करतो, ते यांच्याइतकं चांगलं कोणी सांगणार नाही."

मुलं हसली. मीही हसलो. भाजलेलं बोट दाखवलं, पेपरचं भोक सांगितलं, दातातली तार सांगितली. आणि मग होडीचंही सांगितलं. ठरवलं नव्हतं. 

शेवटी एक मुलगी उभी राहिली. रिया नाव तिचं. विचारलं, "आजोबा, मग आता तुमच्या कामावर विश्वास कोण ठेवतं?"

मी सृष्टीकडे बघितलं.

"मी," सृष्टी म्हणाली. आणि फळा पुसायला लागली.

येताना गाडीत मी खिडकीशी बसलो. ड्रायव्हर ओळखीचा होता. म्हणाला, काय हरिश्चंद्रभाऊ, शाळेत? म्हटलं, होय. मास्तरीण माझी सून.

मालवण येईपर्यंत हेच आणखी दोघांना सांगितलं असेन.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

सकाळी सृष्टीनं स्वतःची खुर्ची माझ्याकडे वळवली. समोर झैदनं आणलेला सेट, उघडलेला. म्हणाली, "बाबा, आजपासून तारेचां काम तुमी करा. मी लांब बसान सांगतलंय."

मला वाटलं हात दुखावला. विचारलं. ती खाली बघून हसली. काल दवाखान्यात जाऊन आली. दुसरा महिना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिशाची तार आणि धूर, दोन्हीपासून दूर राहायचं.

मी साबणानं हात धुतले. काम अजून सुरू केलं नव्हतं तरी धुतले. मग पंखा लावला आणि तिच्या खुर्चीत बसलो. ती दाराबाहेर, धूर येणार नाही अशा बाजूला उभी राहून बघत होती.