आरशातला पिवळा हातमोजा

२ मे, शुक्रवार

आज सकाळी उठल्यावर मी लगेच ट्रेलरला हात लावला नाही. पिकअपची मागची फळी खाली पाडून तिच्यावर बसलो, थर्मासमधली कॉफी प्यायलो आणि देवाचे आभार मानले. मी कामाला होतो ते धान्याचं कोठार हिवाळ्यात बंद पडल्यापासून गावात जो भेटेल तो विचारायचा, एल्डन, आता काय करणार? आता सांगता येईल. उन्हाळाभर तळ्याकाठच्या कॅम्पची राखण करायची. चुली साफ ठेवायच्या, सरपणाच्या मोळ्या विकायच्या, कुत्री बांधा म्हणून लोकांना गोड शब्दांत सांगायचं. बदल्यात ट्रेलर लावायला जागा, वीज आणि पाणी. माझ्या बायकोचं, मार्लिसचं, शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम पुढच्या आठवड्यात संपेल, मग तीही येईल.

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, वर्लिन होकस्ट्रांकडून घेतला. चर्चमध्ये ते आमच्या पुढच्या बाकावर बसतात, दानाची थाळी तेच फिरवतात. गेल्या शरद ऋतूत त्यांची बायको आर्डिस अंगणात पडून गेली. तेव्हापासून ट्रेलरकडे बघवत नाही म्हणाले. देताना दोन गोष्टी सांगितल्या. वजन पुढे ठेव, चाकांच्या मागे जड काही नको. आणि रिव्हर्स घेताना बायकोला मागे उभी करू नकोस, एकट्यानेच घे, संसार मोडतात तिथे. मी हसलो. ट्रेलरवाल्यांचा हा जुनाच विनोद आहे.

पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरची कडी बसवली, खालून साखळ्या एकमेकींवर तिरक्या घातल्या, दिव्यांची वायर जोडली आणि निघालो. पिकअप मध्यम आहे, पण ओढते छान. फक्त नदीकडच्या उतारावर ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला. मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, ट्रेलरचा ब्रेक हळूच दाबला, तेव्हा शांत झाला. कडेला थांबून पाहिलं. पाण्याचे कॅन, हत्यारं, सगळं चाकांच्या पुढेच होतं. तरी मागची बाजू दबलेली, मागच्या खिडकीशी कुणी उभं असावं तशी. स्प्रिंग जुने असतील.

तळं मात्र फार सुंदर आहे. पांढरे पेलिकन उतरलेत. मार्लिस वेडी होईल.

४ मे, रविवार

काल ट्रेलर राखणदाराच्या जागेवर लावला. दोन झाडांच्या मधे, चिंचोळी जागा. कॅम्पवर नवा माणूस रिव्हर्स घ्यायला लागला की सगळे खुर्च्या बाहेर काढतात आणि कॉफी घेऊन बसतात. मदतीला कुणी येत नाही, त्यात त्यांची करमणूक जाते.

मला मात्र मदत मिळाली. डाव्या आरशात, ट्रेलरच्या कोपऱ्यापलीकडे, बागकामाच्या पिवळ्या हातमोज्यातला एक हात दिसला. बाईचा. ये, ये, अजून ये, असा सावकाश खुणावत होता. मी स्टिअरिंग खालून धरलं, हाताच्या इशाऱ्याप्रमाणे थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे केलं, आणि ट्रेलर पहिल्याच खेपेत जागेवर.

शेजारच्या जागेवरचा ड्वेन तक्रार करतच आला. म्हणाला, हे काय बुवा, आम्ही कप काठोकाठ भरून बसलो आणि तू दोन मिनिटांत खेळ संपवलास! मी त्याला विचारलं, त्या बाई कुठे गेल्या, आभार मानायचे होते. तो म्हणाला, कोण बाई? मागे काळं कुत्रं नव्हतं. उलट माझी बायको म्हणत होती, हा माणूस आरशात बघून मान कुणाला डोलावतोय.

उन्हाने डोळे दिपले असतील. आज इथल्या गावच्या चर्चला गेलो. प्रार्थनेत लक्ष लागलं नाही.

८ मे, गुरुवार

घाण पाण्याची टाकी रिकामी करायला ट्रेलर खाली नेला. परत लावताना पुन्हा तो हात. या वेळी नीट पाहिला. अंगठ्यावर लाल दोऱ्याने घातलेलं ठिगळ.

ते ठिगळ माझ्या ओळखीचं आहे. चर्चच्या दारातले गुलाब आर्डिस तेच मोजे घालून छाटायची.

खाली उतरून ट्रेलरला फेरी मारली. ओला चिखल होता. त्यात माझ्याखेरीज कुणाची पावलं नाहीत.

१० मे, शनिवार

दुपारी मार्लिस आली. येताना रुबार्बचे आंबट देठ घालून भाजलेली गोड पाय-पेस्ट्री घेऊन आली. तळं बघून खरोखरच वेडी झाली.

तिच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, आर्डिसला सांग, आता खरी बायको आलीय, तू घे रजा.

पावसाने आमची जागा चिखलात गेलीय. ऑफिसने उद्या वरच्या जागेवर जायला सांगितलंय. रिव्हर्स घ्यावा लागेल. मी म्हटलं, मी एकटा घेतो. मार्लिस म्हणाली, वीस वर्षं बोटीचा ट्रेलर मागे घेताना तुला कुणी खुणावलं? मीच ना? आमचा नियम तिने पुन्हा घोकून घेतला. ती आरशात दिसली नाही की मी थांबायचं. तिने दोन्ही हात वर केले, तरी थांबायचं.

११ मे, रविवार

मार्लिस आरशात दिसत होती. देवाशपथ दिसत होती.

डाव्या आरशात, विजेच्या खांबाशेजारी. तिचं निळं जाकीट, तिचा चेहरा. ये, ये, अजून ये. मी येत राहिलो. मग किंकाळी आली, ती उजवीकडून.

तिचा पाय ट्रेलर आणि लाकडाच्या ओंडक्यामध्ये सापडला. गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

ड्वेन धावत आला. म्हणाला, अरे, ती उजवीकडे होती, दोन्ही हात वर करून, घसा फुटेपर्यंत थांब थांब ओरडत होती. आम्ही सगळे ओरडत होतो. तू भलतीकडे बघून हसत होतास.

होय. हसत होतो. ती इतकी छान खुणावत होती. रुग्णवाहिका गेल्यावर आठवलं. जाकीट मार्लिसचं होतं, पण हातात पिवळा मोजा होता.

१४ मे, बुधवार

हॉस्पिटल. शस्त्रक्रिया झाली. मी तिच्या उशाशी बसलो, तर मार्लिस एवढंच म्हणाली, एकदा तरी माझ्याकडे बघायचंस. मग भिंतीकडे तोंड केलं. तिच्यासाठी नेलेलं सूप मीच कॉरिडॉरमध्ये बसून संपवलं.

तिचा पाय जुळेल. माझ्या गाडीमागे उभं राहायला ती आता कधी धजेल का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत.

१६ मे, शुक्रवार

वर्लिनकडे गेलो. ओसरीवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, जिवंत आहे ना?

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

त्यांचंही तसंच झालं. डावीकडच्या आरशात आर्डिस खुणावत होती, आणि उजवीकडे खरी आर्डिस ट्रेलर आणि गॅरेजच्या भिंतीमध्ये. त्या दिवशी तिने बागेतले मोजे घातले होते. ते उतरून धावले, तेव्हा ती गेलेली होती. लोकांना सांगितलं, पडली.

मला का नाही सांगितलंत, म्हणून विचारलं. वर्लिन माझ्याकडे न बघता म्हणाले, सांगितलं असतं तर घेतला असतास का? मला तो अंगणातून जायला हवा होता, एल्डन. आणि एकट्यानेच घे, असं बजावलं होतं की मी. तू हसलास.

पुढच्या बाकावरचा माणूस. त्यांच्या बायकोच्या मातीला आम्ही हॅमचे पाव करून नेले होते, मार्लिसने पहाटे उठून.

निघताना ते म्हणाले, चल, गुडघे टेकू, दोघं मिळून प्रार्थना करू. मी नाही म्हणालो. प्रार्थनेला मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालो.

१८ मे, रविवार

एक तरुण जोडपं आलं. नवं लग्न. ट्रेलर विकणार का, म्हणून विचारत होतं. पोरगी लगेच मागे जाऊन उभी राहिली आणि हात हलवून नवऱ्याला चिडवू लागली, ये रे, ये, घाबरट!

मी म्हणत होतो, वजन पुढे ठेवा, आणि रिव्हर्स घेताना —

माझ्या तोंडून वर्लिन बोलत होते.

विकायचा नाही म्हणून सांगितलं. पोरगी हिरमुसली. मागच्या खिडकीचा पडदा हलला. आत कुणी नव्हतं.

१९ मे, सोमवार

मार्लिसला सगळं सांगितलं. वर्लिनचंही. मग तिने भिंतीकडून तोंड वळवलं. म्हणाली, पुढच्या कुणा बाईच्या नशिबी तो नको.

कुणाला द्यायचा नाही. जाळला तरी सांगाडा कुणीतरी नेईल. जुन्या दगडखाणीत पाणी साचून झालेलं खोल तळं आहे. खाणीचा मालक म्हणाला, खुशाल ढकल, माझे दोन ट्रॅक्टर आधीच तळाशी आहेत, सोबत होईल.

उद्या मार्लिसला घरी सोडणार आहेत. म्हणते, मी येणार. मला बघायचंय. मी म्हटलं, एका अटीवर. माझ्या शेजारी बसायचं. उतरायचं नाही.

२१ मे, बुधवार

झालं.

दोन्ही आरशांना टॉवेल बांधले. मार्लिस शेजारी, प्लास्टर घातलेला पाय लांब करून. खिडकीतून डोकं काढून फक्त खाणीची भिंत बघत मागे घेतला. उतारावर ट्रेलर जड झाला. आपणहून ओढत होता. मार्लिसने माझी बाही घट्ट धरली होती. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

चाकं पाण्यात गेल्यावर उतरलो. साखळ्या सोडल्या. कडी उचलली.

गेला. मागची खिडकी शेवटी बुडाली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

चढावर वर येऊन थांबलोय. सपाटी आहे, हँडब्रेक ओढलेला, किल्ली माझ्या खिशात. आभार मानून मग निघू म्हटलं. मार्लिसचा डोळा लागलाय. चार ओळी लिहून घेतो. देवा, एवढं तरी माझ्या हातून —

डाव्या आरशाचा टॉवेल सुटलाय.

मागे रिकामा उतार. पाणी. आणि हात. मोजा नाही. बोटात मार्लिसची अंगठी.

मार्लिस माझ्या शेजारी आहे. तिचा श्वास ऐकू येतोय. तिचा आवाज मागून येतोय. ये, ये, अजून —

ब्रेक ओढलेला आहे. मी ओढलाय. तरी खडी चाकांखाली वाज—

मार्लिस, उठ, दार उघ