मास्तरची माती

कोराडी, वीज कॉलनी
ता. १२ नोव्हेंबर १९७८

तीर्थरूप भागीरथाताईस,

जिवंत मनोहरचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल. मी तर फारच खुशाल आहे, हे तू परवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून गेलीस. तुझ्या गुडघ्यांचं कसं आहे? बसच्या पायऱ्या चढताना तू मागे वळून पाहिलं नाहीस, म्हणून विचारतो.

सुभद्रे, पत्र तूच सासूबाईंना वाचून दाखवशील, तेव्हा तुला एक विनंती. मध्येच त्या उठून गोठ्यात गेल्या तर वाचणं थांबवू नकोस. गोठ्यात जाऊन वाच.

ताई, झालं ते कसं झालं हे एकदा सांगू दे. आमचा मधुकर पॉवर हाऊसच्या प्रयोगशाळेत दिवसभर बॉयलरचं पाणी तपासतो, हे तुला ठाऊक आहे. पाण्याशी इतका सहवास झाला की माणसाला मातीचा विसर पडतो. त्याने कुठल्याशा पुस्तिकेत मातीविना शेती वाचली आणि अंगणात टोमॅटो लावायचे ठरवले. एक लोखंडी पिंप उभं कापून दोन डोण्या केल्या, आतून डांबर फासलं, आणि त्यांत माती म्हणून काय भरलं असेल? गिट्टी. रस्त्यावर टाकतात ती बारीक गिट्टी. तिच्यात रोपं खोचायची आणि बादलीत खतांचं पाणी कालवून तेच पाजायचं. बादलीला रबरी नळी आहे. बादली कप्पीवरून वर ओढली की पाणी डोणीत जातं, खाली सोडली की परत येतं. सकाळ-संध्याकाळ बादली चढते आणि उतरते. त्या पाण्यात पोटॅश, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट असतं. हे शेवटचं म्हणजे आपल्याला बाबा एरंडेलाऐवजी द्यायचे ते जुलाबाचं मीठ. मी या शेतीवर कविता करायला बसलो होतो, पण मॅग्नेशियम सल्फेट कोणत्याही वृत्तात बसत नाही. शेवटी नाद सोडला.

मी मधुकरला म्हटलं, "माती नाही तर चव नाही."

तो म्हणाला, "बाबा, चव बियाण्यात असते."

सूनबाई शोभा म्हणाली, "दोघंही लावा. चटणी करून मी सांगते."

झालं. मीही रोपं तयार केली. पण इथली जमीन म्हणजे मुरूम, आणि वरून पॉवर हाऊसची राख. पहार मारली तर ठिणगी उडते. म्हणून मला आपल्या विहिरीजवळच्या वावरातली काळी माती हवी होती. नागपूरच्या बाजारात संत्री घेऊन आलेला आपला देवाजी भेटला. रोपं वीतभर झालेली, ती फार दिवस ठेवता येत नाहीत. मी देवाजीला म्हणालो, "ताईला सांग, मास्तरच्या मातीचं उद्या दुपारच्या आत पाहा म्हणावं. जास्त ठेवून चालत नाही."

एवढंच म्हणालो. यात व्याकरणाची चूक दाखव.

देवाजी काटोलला उतरला आणि निरोप कंडक्टरकडे दिला. कंडक्टरने आपल्या चौकात बसच्या पायरीवरून ओरडून सांगितलं, "मास्तरची माती उद्या दुपारी. जास्त ठेवत नाहीत." पुढचं सांगायला नको. मीच वर्गात मुलांना सांगत असे, की आपल्याकडे प्रेतयात्रेला जायचं तर 'मातीले चाललो' म्हणतात, चिखल तुडवायला चाललो असं समजू नका. आणि मीच ते विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही सगळे गावाहून येऊन पोचलात तेव्हा शोभा बाजारात गेलेली, मी एकटाच घरामागे होतो. पुढून रडणं ऐकू आलं तसा ताबडतोब धावत आलो, पण तुम्ही इतके जण होतात की पुढे घुसायला वाट मिळेना. गावचा नत्थू तिरडीचे बांबू आणि मडकं घेऊन उभा होता. मी त्याला विचारलं, "कोण गेलं गा?"

माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "मास्तर गेले."

"कोणते मास्तर?"

"आमचे. कविता म्हनत होते ते."

मग तू मला पाहिलंस. तुझं ते वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. "मेला नाही का रे तू?" मी नाही म्हणालो. "मंग सांगता येत नाही का तोंडानं?" एवढं बोलून तू तोंड फिरवलंस.

पुढचं तू पाहिलं नाहीस, कारण तू फाटकाबाहेर पुलावर जाऊन बसलीस. तुमच्यातल्या वडीलधाऱ्या चंपतकाकांनी निर्णय दिला, "मातीले आलो तं आंघोळ कराच लागते. मुडदा उठून बसला तं तो त्याचा प्रश्न." सगळे आंघोळीला बसले. कॉलनीच्या टाकीतलं पाणी संपलं, तेव्हा नत्थूने मधुकरच्या बादलीतलं पाणी अंगावर घेतलं. त्याला सांग, घाबरू नको. खतच होतं. केस वाढतील. त्याचे बांबू त्याने परत नेले नाहीत. घरात ठेवणं बरं नाही म्हणाला. मधुकरने ते चिरून टोमॅटोला आधार केले आहेत. गिट्टीत झाड उभं राहतं, पण त्याला धरायला काही नसतं.

आता मुद्द्याचं. मी पेन्शनीत निघालो आणि गावी न येता मधुकरकडे आलो, तेव्हा तू म्हणाली होतीस, "आता तुह्या मातीलेच येईन." त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाहीस. ताई, तू शब्द पाळलास. माझ्या मातीला आलीस. म्हणजे शपथ फिटली. आता न बोलण्याला काही कारण उरत नाही, असं मला एक जुना शिक्षक म्हणून वाटतं.

पुढल्या खेपेला देवाजीबरोबर थोडी माती पाठव. निरोप लिहून दे.

तुझा,
मनोहर


कोराडी
ता. १८ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. माती नोव्हेंबरातच पोचली, हे मी कळवलं होतं. एसटीच्या टपावरून हमालाने पोतं उतरवलं तेव्हा मी त्यात चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती. पोत्याचं तोंड तुझ्या हिरव्या लुगड्याच्या काठाने बांधलं होतं, त्यालाच उत्तर समजलो.

आता निकाल कळवतो. मधुकरचे टोमॅटो माझ्यांच्या आधी लाल झाले. घोसच्या घोस. तण नाही, मुळाला कीड नाही. माझे मागाहून पिकले, थोडे आले, त्यांतही काहींत अळी होती. एकदा बादली चढवायला दुपार झाली तर त्याच्या झाडांनी माना टाकल्या. एकदा अवकाळी सर आली आणि पाण्यातलं खत पातळ झालं म्हणून तो दिवसभर हळहळला. गिट्टीवर मिठाची पांढरी खपली धरते ती धुवावी लागते. माझ्या झाडांना मी दोन दिवस विसरलो तरी त्यांनी तक्रार केली नाही. माझ्या बाजूने एवढंच बोलता येईल.

चवीचा फैसला शोभाने लावला. दोन वाट्यांत टोमॅटोची, आपल्या भाषेत भेद्र्याची, चटणी केली, शेजारच्या इंदूबाईंना साक्षीला बोलावलं आणि मला डोळे मिटायला सांगितले. मी पहिली वाटी चाखली. ठीक. दुसरी चाखली आणि बोटाने वाटी पुसून घेतली. मी म्हणालो, "हीच. विहिरीजवळच्या वावराची चव. आई पाट्यावर वाटायची तीच." आणखीही बरंच बोललो. डोळे उघडले तर मधुकर खाली पाहत होता आणि शोभा पदर तोंडाशी धरून आत गेली होती. इंदूबाई म्हणाल्या, "मास्तर, ते पान्यातले होते जी."

तेव्हा माती हरली, ताई. मी पंचांसमोर हरवली.

सुभद्रे, इथून पुढचं हळू वाच. मध्ये हसू नकोस.

ताई, मागच्या पत्रात मी लिहिलं, की रडणं ऐकून मी ताबडतोब आलो आणि वाट मिळेना. आलो ताबडतोब. वाटही होती. पुढे गेलो नाही. नत्थूशी बोलून झालं, गर्दीत मागे उभा राहिलो आणि टॉवेल डोक्यावर घेतला. तू फाटकाशी बसून रडत होतीस. बायका गुण गाऊन रडतात तशी, ओवी धरून. एकही अक्षर कमी-जास्त पडत नव्हतं. "वावराच्या बांधावर कविता म्हने गं माझा मन्या, बैल थांबून आयके," असं तू म्हणालीस. बैल थांबत ते माझ्या हातून कासरा सुटायचा म्हणून, हे तुला माहीत आहे, तूच त्याबद्दल मला बदडलं होतंस. तुझ्याशिवाय मन्या म्हणणारं आता कोणी उरलं नाही. मी पुढे आलो असतो तर तू गप्प झाली असतीस, आणि किती वर्षांनी तुझा आवाज ऐकत होतो. मी इतका वेळ उभा राहिलो, की कोणीतरी फोन केला, मधुकर पॉवर हाऊसच्या जीपमधून आला, रडत गर्दीत घुसला आणि मला खांद्याने ढकलून म्हणाला, "सरका हो, माझे वडील गेले." मी सरकलो.

आणि तू म्हणालीस, "तुही खोली दर दिवाळीले सारवली रे भाऊ, आता कोनासाठी सारवू."

हे मला माहीत नव्हतं.

आणखी एक. माती इथेही मिळते. कॉलनीच्या मागच्या खेड्यातून लोक बैलगाडीने काळी माती आणतात, शेजाऱ्यांचे गुलाब तिच्यातच आहेत. मला टोमॅटोसाठी तुझ्याकडून माती आणवायची गरज नव्हती.

इथे मला काही कमी नाही. चहा वेळेवर, औषध वेळेवर, पेपर वेळेवर. मधुकर-शोभा सोन्यासारखी आहेत, हे त्यांच्यासमोर वाचून दाखवायलाही मी तयार आहे. मातीच चांगली असं मी आता कोणाला शिकवू शकत नाही, कारण ती हरली आहे. तरी मला यायचं आहे. यायला कारण सापडत नाही, एवढीच पंचाईत आहे. ती खोली गेल्या दिवाळीलाही सारवलीस का?

तुझा,
मनोहर


कोराडी
ता. ४ मार्च १९७९

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. सुभद्राच्या अक्षरातलं तुझं कार्ड मिळालं. सबंध कार्डावर एकच वाक्य: "खोलीत कापूस हाय."

मी हे वाक्य पुष्कळदा वाचलं. शाळेत असतो तर मुलांकडून पृथक्करण करून घेतलं असतं. कर्ता कापूस, क्रियापद हाय. 'नको' हा शब्द त्यात कुठेही नाही. 'येऊ नको' तर नाहीच. मधुकर म्हणाला, "बाबा, आत्या नाही म्हणते." मी म्हणालो, "तुला पाणी कळतं, भाषा कळत नाही. ज्याला येऊ द्यायचं नाही त्याला कोणी खोलीत काय आहे हे कशाला सांगेल?" यावर त्याने बादली वर ओढली आणि विचारलं, "तिथे तुम्हाला औषधाची आठवण कोण करील?" मी म्हणालो, "कोणी नाही. शिव्या मात्र आत्या देईल." तो हसला, पण बादली खाली सोडायला विसरला, आणि डोणी भरून वाहिली. शोभाने माझे कपडे बांधून ठेवले आहेत. माझ्याकडे पाठ करून बांधत होती, म्हणून तिचं तोंड दिसलं नाही. टोमॅटोची टोपलीही दिली आहे, दोन्ही तऱ्हांचे एकत्र. कोणते कुठले हे विचारू नकोस, मला ओळखता येत नाहीत.

मी येत्या रविवारी सकाळच्या बसने निघतो. कापसाची चिंता करू नकोस. तो विकला जाईपर्यंत मी त्याच्यावर झोपेन आणि विकला गेल्यावर खाली झोपेन. शिंका येतील. मी कविता म्हणणार नाही असं पाहीन, निदान कासरा हातात असताना.

पत्राच्या शेवटी 'वाट पाहू नये' असं लिहिण्याची पद्धत आहे. मी जन्मभर मुलांना तसं लिहायला शिकवलं. आज मी ते लिहीत नाही.

सुभद्रे, हे शेवटचं नीट मोठ्याने वाच, त्या गोठ्यात असल्या तरी.

ताई, वाट पाहा.

तुझा धाकटा,
मनोहर