ह्यांचा कडक ब्रश

३ मार्च
तोंड आलंय. खालच्या ओठाच्या आत डाळीएवढा पांढरा छाला, भोवती लाल कड. कारण उघड आहे, सुनेची तिखट भाजी. आजपासून मऊ भात आणि दूध. लवकरच बरं वाटेल. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, स्वच्छ तोंडाला काही होत नाही. म्हणून दात जोर लावून घासले. ब्रश ह्यांचाच. हे गेल्यापासून मीच वापरते. चांगला आहे, टाकायचा कशाला? यात हळवेपणा वगैरे नाही.

८ मार्च
आता दोन झाले. भाजी निर्दोष. सुनेला तसं सांगितलेलं नाही. पोटाचं असावं. केमिस्टने बधिर करणारं जेल दिलं. उत्तम वस्तू. लावलं की ओठ आपला वाटतच नाही. चहा हनुवटीवरून ओघळला, कळलंही नाही. दात आता तीनदा घासते.

१५ मार्च
सून हसत म्हणाली, आई, असल्या ब्रशने भांडी घासतात. मी म्हटलं, तुझे सासरे जन्मभर असलाच वापरत आले. ती म्हणाली, त्यांच्या हिरड्या आठवतात मला. दिवसभर अबोला धरला. जेलमुळे सोपा गेला.

२४ मार्च, दुपार
दातांच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून पाहिलं. बी-बारा, लोह, झोप, ताण, सगळं विचारलं. ताण नाही, म्हटलं. मग सोबत आणायला सांगितलेला ब्रश बघायला मागितला. म्हणाल्या, काकू, तुम्ही रोज जखमेवरच घासताय. मऊ ब्रश घ्या. पंधरवड्यात जखम भरली नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. हा इथेच टाकू का, असंही विचारलं. मी तो पर्समध्ये घातला.

२५ मार्च
मऊ ब्रश आणला. उद्यापासून नक्की.

३० मार्च
उद्यापासून. सध्या जुन्यानेच, पण हळू. याला बाईंची हरकत नसावी.

१ एप्रिल
सुनेने विचारलं, आई, तुकडा काढून घ्यायचाय का? या वेळी हसली नाही. ब्रश तिच्या हातात दिला. ती म्हणाली, टाकू? म्हटलं, मला विचारू नकोस.

१२ एप्रिल
छाले गेले. बाई खूश. घरी येऊन लिंबाची फोड चोखून पाहिली. झोंबलं नाही. जीभ सारखी तिथे जाते. गुळगुळीत आहे. काहीच नाही.