वरच्या कप्प्यातली अंडी

४ फेब्रुवारी, सोमवार

नवी डायरी. म्हणून सगळं पहिल्यापासून आणि निष्पक्षपणे लिहायचं ठरवलं आहे.

आमच्या केंद्रात कासविणी दोन. थोरली माझ्याकडे, धाकटी साडूकडे. ही जात जगात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे, त्यामुळे एकेक अंडं म्हणजे जिवाला घोर. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला इथे मीच चिकटवला. आयत्या बिळावर नागोबा.

आज धाकटीने अंडी घातली. मला ते कॅन्टीनमधल्या टाळ्यांवरून कळलं. साडूचं अभिनंदन करणारा मी सगळ्यात शेवटचा. पहिला होणार होतो, पण बुटाची नाडी सुटली.

मला आनंदच झाला. घरी येऊन जेवलो नाही ते ॲसिडिटीमुळे.

५ फेब्रुवारी

दोन संकल्प. पहिला, थोरलीकडे जातीने लक्ष द्यायचं. दुसरा, साडूच्या नव्या गाडीत पाय ठेवायचा नाही. रोज सकाळी हॉर्न वाजवून विचारतो, दादा, येताय का? माझी स्कूटर काय मेली आहे?

८ फेब्रुवारी, सकाळी ७

थोरलीच्या कुंपणाला खेटून खुर्ची टाकली. बाईसाहेब मागच्या पायांनी माती उकरायला लागल्या. मी उभा राहून डोकावलो. थांबली. लाजाळू आहे.

११ फेब्रुवारी

पुन्हा उकरलं, पुन्हा थांबली. तिला एकटं वाटू नये म्हणून खुर्ची आणखी जवळ घेतली. टॉर्चही मारला. साडू येऊन म्हणाला, दादा, जरा लांब बसून बघा ना. मी म्हणालो, लांब बसायला मी काय साडू आहे? हसला. त्याचं हेच मला खटकतं. टोमणा मारला तरी हसतो.

हा स्वतः धाकटीकडे दिवसातून एकदा फिरकतो, पाणी बदलतो आणि शीळ घालत निघून जातो. याला हलगर्जीपणा म्हणतात. आणि अंडी कोणाला मिळाली? यालाच.

१५ फेब्रुवारी

तिसरा खड्डा अर्धवट. दोष मातीत आहे. डायरेक्टर बाईंना जाऊन सांगितलं की साडूला भुसभुशीत माती दिली आणि मला ढेकळं. त्या म्हणाल्या, दोन्हीकडची माती एकाच ट्रकमधून आली.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही कोणाच्या बाजूची आहे ते अजून स्पष्ट झालेलं नाही.

२६ फेब्रुवारी

घातली! थोरलीने अंडी घातली! नेमका मी दाढ दाखवायला गेलो होतो तेव्हा. पण पायाभरणी माझीच.

एक अंडं घालतानाच फुटलं. त्याचं कवच मायक्रोमीटरने मोजलं. धाकटीचंही एक फुटलं होतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड! पांढरंशुभ्र, टणक, नखाने वाजवलं तर बशीसारखं वाजतं. धाकटीचं कवच म्हणजे नुसता पापुद्रा. साडूला समजावून सांगितलं की भिंत जाड तर घर पक्कं. तो म्हणाला, वा, छान.

जळतोय.

२८ फेब्रुवारी

अंडी डब्यांत, डबे उबवणीच्या कपाटात. दोन्ही डबे अगदी सारखे, करड्या रंगाचे. आतलं काही दिसत नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यावर माझ्या नावाची पट्टी, खालच्या कप्प्यावर साडूच्या. वरचा कप्पा मी मागून घेतला. ज्येष्ठता नावाची काही चीज आहे की नाही?

बाईंनी बजावलं की ही कोंबडीची अंडी नव्हेत, एकदा ठेवली की फिरवायची नाहीत. उलटली तर आतला जीव जातो. हे माझ्याकडे बघून बोलल्या, कारण मी समोर उभा होतो.

मग मुख्य बातमी. पुढच्या वर्षी उबवणीचा स्वतंत्र विभाग निघणार. प्रमुख आम्हा दोघांपैकी एक. कोणाची पिल्लं बाहेर येतात ते बघून ठरणार. म्हणजे ठरलंच. साडूने माझा हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या. किती तो मानभावीपणा!

१७ मार्च

साडूच्या अंड्यांवर वरच्या बाजूला खडूने रंगवावा तसा डाग आला आहे. एकूण एक अंड्यांवर. आत जीव धरल्याची ही खूण. सगळे बघून गेले. कॅन्टीनवालासुद्धा.

माझ्या अंड्यांवर डाग नाही. कारण शास्त्रीय आहे. ती मुळातच इतकी पांढरी आहेत की पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं?

१९ मार्च

डबा उघडून पाहिला. डाग नाही.

१९ मार्च, दुपार

पुन्हा पाहिला. कवच जाड असल्यामुळे वेळ लागतो आहे.

२३ मार्च

बाई संतापल्या. कपाटाचं टेम्परेचर सारखं घसरतंय म्हणे. दोन्ही डब्यांच्या झाकणांना चिकटपट्टी लावून टाकली आणि वेळ भरेपर्यंत कोणी उघडायचं नाही म्हणून दम दिला. पट्टी दोन्ही डब्यांना लावली, पण अपमान एकाचाच झाला.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. अर्धा तास धाकट्या जावयाच्या अंड्यांचं कौतुक. शेवटी म्हणाल्या, तुमचीही होतील हो. तुमचीही! जणू मी नापास झालेला आहे आणि पुरवणी परीक्षेला बसतोय.

६ एप्रिल

तापातून उठून आज कामावर गेलो. माझ्या रजेत साडूने माझं काम सांभाळलं. कोणी सांगितलं होतं? मेहुणीने घरी फळं पाठवली होती. फळं गोड निघाली. संशय बळावला.

साडू भेटल्या भेटल्या म्हणाला, दादा, आता अजिबात काळजी करू नका, सगळं चांगलंच होणार बघा. आणि गालातल्या गालात हसला. ज्याच्या अंड्यांवर डाग आले त्याला हसायला काय जातं?

८ एप्रिल

झोप नाही. डोळे मिटले की खडूचे डाग दिसतात. प्रमुखाच्या खोलीत साडू, त्याच्या टेबलावर साडूची पाटी, आणि मी दार लोटून विचारतोय, आत येऊ का?

हा मत्सर नव्हे. विभागाच्या भवितव्याची काळजी आहे.

९ एप्रिल, दुपारी १:१०

सगळे जेवायला गेले असताना नीट विचार केला. अंडी केंद्राची. केंद्र सगळ्यांचं. म्हणजे सगळी अंडी थोडीथोडी माझीही. आता कुठल्या कप्प्यात कुठला डबा ठेवायचा हा निव्वळ मांडणीचा प्रश्न आहे.

वरचा डबा खाली ठेवला, खालचा वर. नावांच्या पट्ट्यांना हात लावला नाही, म्हणजे खोटं काही केलं नाही. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं न्यावं तसे डबे दोन्ही हातांनी उचलले, जराही कलू दिले नाहीत. कासवांवर माझा जीव आहे, हे इथे दिसून येतं.

आणि साडूचं तरी काय वाईट झालं? दुप्पट जाडीची अंडी मिळाली त्याला. जाड कवचावर माझा अजूनही पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच ती देताना जड गेलं.

१० एप्रिल

फार हलकं वाटतंय. साडूशी स्वतःहून बोललो. बिचारा मनाने वाईट नाही. स्कूटर पंक्चर होती म्हणून त्याच्या गाडीतून घरी आलो. संकल्प दुसरा स्थगित. सीट आरामशीर आहेत.

१८ मे

प्रमुखपद स्वीकारतानाचं भाषण लिहून झालं. साडूचाही उल्लेख केला आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत. हिला वाचून दाखवलं. वाटलं होतं, नेहमीप्रमाणे टोचून बोलेल. पण म्हणाली, होईल, तुमच्याच मनासारखं होईल. आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता हसली. उशिरा का होईना, नवऱ्याची किंमत कळली.

सासूबाईंना फोन करून सांगितलं की जूनमध्ये गोड बातमी देतो. त्यांचा गैरसमज झाला. हिने फोन घेऊन निस्तरलं.

११ जून, सकाळी ९

कपाटातून खरखर ऐकू येतेय! इस्त्रीचा शर्ट घातला आहे. भाषण खिशात.

११ जून, सकाळी १०

बाईंनी चिकटपट्ट्या काढल्या. एका डब्यात एकूण एक अंडी फुटलेली, आणि रुपयाएवढी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढताहेत. दुसऱ्या डब्यात सामसूम.

पिल्लं खालच्या कप्प्यात आहेत. खालच्या! साडूच्या! सगळे त्याला मिठ्या मारताहेत.

हे शक्यच नाही. वर काय ठेवलं होतं ते मला ठाऊक आहे. कोणीतरी डबे बदलले आहेत. आणि ते कोणी बदलले हे सांगायला ज्योतिषी नको. अन्याय सहन करणार नाही.

११ जून, दुपारी १२

बाईंकडे तक्रार केली. तोंडी, पण सगळ्यांच्या देखत आणि मोठ्या आवाजात. म्हणालो, डबे बदललेले आहेत, चौकशी झालीच पाहिजे, दोषी घरचा असला तरी मी गय करणार नाही.

साडू मान खाली घालून म्हणाला, हो, बदलले होते, मीच बदलले.

माझी छाती फुगली. हात खिशातल्या भाषणाकडे गेला.

मग तो बोलत राहिला. म्हणाला, एप्रिलमध्ये दादा आजारी होते तेव्हा बदलले. त्यांच्या अंड्यांत काही दिसत नव्हतं. मला ही नोकरी त्यांनी लावली, त्यांचं सगळं आयुष्य इथे गेलं, प्रमुख त्यांनीच व्हावं असं वाटलं. म्हणून माझा डबा वर त्यांच्या कप्प्यात ठेवला आणि त्यांचा खाली घेतला. चुकलं माझं.

बाई म्हणाल्या, ही अंडी आहेत की पत्त्यांचा डाव? मग जरा थांबून म्हणाल्या, पण तसं असेल तर पिल्लं वरच्या कप्प्यात सापडायला हवीत. खाली कशी आली?

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर विशेष काही नव्हतं. परत वळलो तेव्हा साडू माझ्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच हसत नव्हता.

११ जून, संध्याकाळ

चालत घरी आलो. हिला बहिणीचा फोन आधीच आला होता. हिला सगळं एप्रिलपासूनच माहीत होतं. म्हणाली, मीच बहिणीला म्हटलं होतं, हे झुरताहेत गं, रात्र रात्र झोपत नाहीत. मग म्हणाली, दैव देतं आणि कर्म नेतं. त्यानंतर एक शब्द बोलली नाही. टोचून बोलली असती तर बरं झालं असतं.

१३ जून

थोरलीची अंडी बाईंनी एकेक करून फोडली. एकातही काही नव्हतं. कवचावर कवच चढलेलं. बाईंनी सांगितलं, मनासारखी निवांत जागा मिळाली नाही की कासवीण अंडी पोटातच धरून ठेवते. तिथे थरावर थर चढतो, कवचाची बारीक भोकं बुजतात. मग आतल्या जिवाला श्वास घेता येत नाही. माती ठीक होती, म्हणाल्या. खुर्ची कोणाची होती ते विचारलं नाही.

प्रमुख साडू झाला. टेबलावरची पाटी मी बघितली. छान आहे. मला फार वाईट वाटलं, आणि हे ॲसिडिटीमुळे नाही.

त्याने मला पहिलं काम दिलं, धाकटीच्या फुटक्या कवचांची जाडी मोजायचं. मोजली. पातळ आहेत.

२४ जून, सकाळी ६:४०

थोरली पुन्हा पोटुशी आहे. या हंगामातला अंड्यांचा शेवटचा घाणा, आणि तिचं वय बघता कदाचित कायमचा. बाईंनी तिला माझ्याकडून काढून घ्यायचं ठरवलं होतं. साडूने अडवलं. म्हणाला, दादांनाच राहू द्या. मला बाजूला घेऊन म्हणाला, दादा, फक्त एक करा, लांब बसा आणि पाठ करून बसा. बाकी तिचं ती बघेल.

एकच संकल्प. मागे बघायचं नाही.

७:१५

कुंपणापासून लांब, बुटक्या भिंतीपलीकडे खुर्ची टाकली आहे, तोंड फाटकाकडे. मागून माती उकरल्याचा आवाज येतोय. बघत नाही.

७:३०

आवाज चालूच. खड्डा चांगला खोल झाला असावा. साडूच्या धाकटीने इतका खोल खणला होता का, एवढंच कळायला हवं होतं. बघत नाही.

७:४०

एकदाच वळून बघितलं. थांबली.