इंग्लंडहून निघालेला माउथपीस

जुन्नर,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, सन २००५

आमचे जुने स्नेही संपतभाऊ, मुक्काम डिंभे, यांना तय्यब मास्तरचा आधी रामराम आणि मग सलाम (दोन्ही ठेवून घ्या, जास्त झाला तर एक प्रयागवहिनींना द्या).

तुम्ही सगळे खुशाल असणार, कारण परवाच डोळ्यांनी पाहून आलो आहे. तरीपण पत्राच्या सुरुवातीला विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. वहिनींचा खोकला गेला का? भाताची झोडणी उरकली का? अमृत आणि सूनबाई बरी आहेत ना? आमचं म्हणाल तर तुमच्या गावाहून सुटणारी संध्याकाळची एसटी त्या दिवशी सुटलीच नाही. मी मासळीच्या टेम्पोत बसून घोडेगाव गाठलं. बँडचा लाल कोट तुमच्या हसीनाभाभीने अजून अंगणात टांगून ठेवला आहे आणि गल्लीतली मांजरं त्याच्याखाली सभा भरवून बसलेली असतात. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी लिहायला बसलो आहे ते माझ्या हरवलेल्या पार्सलबद्दल. ही हकीकत तुम्हाला शेवटपर्यंत वाचावी लागेल, कारण तुम्ही स्वतः तिच्यात आहात आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही.

क्लॅरोनेटचा सगळा जीव माउथपीसमध्ये असतो. (माउथपीस म्हणजे तोंडात धरायची ती काळी चोच. ती काढली की उरते ती भोकं पाडलेली काठी.) गेल्या हिवाळ्यात वारूळवाडीच्या एका वरातीत नवरदेवाचा मामा नागीण होऊन नाचत होता. त्या नागिणीचं कोपर थेट माझ्या तोंडावर आलं. दात वाचले, पण माउथपीसला उभी चीर गेली. तो माझ्या अब्बांच्या काळचा, तसा आता इकडे मिळत नाही. पुण्यात मिळतो तो फुंकला की वाटतं कुकरची शिट्टी झाली. मी चिरेवर मेण भरलं, वरून दोरा गुंडाळला आणि वाजवत राहिलो. वरचे सूर गेले ते गेलेच. आमचा पुतण्या हमदान याच घटकेची वाट बघत होता. त्याने हप्त्यावर की-बोर्ड घेतला, हातगाडीवर भोंगे चढवले आणि मला मोठ्या मायेने म्हणाला, "चाचा, आता तुम्ही फक्त खुळखुळे धरा."

भाऊ, मी चाळीस वर्षं जुन्नर-आंबेगावातल्या नवरदेवांना घोड्यावर बसवत आलो. खुळखुळे आमच्यात त्याला देतात ज्याला काहीच येत नाही पण कोट मात्र मापाचा बसतो. मी हमदानला सांगितलं की जोपर्यंत माझ्या छातीत भाता आहे, तोपर्यंत खुळखुळा तुझ्या पोरांना दे. तो हसला. ते हसू माझ्या जिव्हारी लागलं, हे तुमच्यापासून काय लपवायचं?

तेव्हा आमची लेक तहरीम मदतीला आली. ती नारायणगावात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. तिने इंटरनेटवर इंग्लंडातला एक म्हातारा शोधून काढला, जो जुन्या वाद्यांचे सुटे भाग विकतो. माझ्या अब्बांचा होता अगदी तसाच माउथपीस त्याच्याकडे निघाला, फुंकताच वाजेल अशी पत्ती लावून तयार. तहरीमच्या सरांचं कार्ड वापरून पैसे गेले आणि साहेबाने पार्सल पाठवलं. मी हमदानला याची कुणकुण लागू दिली नाही. माझा बेत असा होता की एक दिवस भर वरातीत त्याच्या भोंग्यासमोर उभं राहून वरचा सूर लावायचा आणि मग त्याच्याकडे नुसतं बघायचं.

त्यानंतर वैशाखात आळ्याला आपल्या अमृतचं लग्न झालं. मांडवात मी तोच दोरा गुंडाळलेला माउथपीस घेऊन जीव तोडून वाजवत होतो. (खालचेच सूर वाजवले, वरच्यांना हात लावला नाही. तुम्हाला कळलं नाही, हे तुमचं मोठेपण.) मध्येच माईकवर कुणीतरी माझं नाव पुकारलं. पुढचं ताशाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, कलेची कदर झाली. मी वाजवता वाजवताच वाकून सलाम केला. मग तुम्ही आलात, मला फेटा बांधलात, पूर्ण पोशाख दिलात, वर नारळ. नुसत्या वाजवण्याचा एवढा मान मला आजवर कुणी केला नव्हता. मी तो ताठ मानेने घेतला.

त्या लग्नानंतर जुना माउथपीस पार दुभंगला आणि नव्याचा पत्ता नाही. आषाढ आला, श्रावण गेला. मी तहरीमजवळ बसून साहेबाला ईमेल लिहवून घ्यायला सुरुवात केली. मी मराठीत सांगायचो, ती इंग्रजीत लिहायची. पहिल्यात मी त्याला चोर म्हणालो. दुसऱ्यात त्याच्या बापाची चौकशी केली. तिसऱ्यात सांगितलं की तुमच्या लोकांनी आमच्या देशातून काय काय नेलं ते आम्ही विसरलेलो नाही, त्यात आता एका बँडवाल्याची चोच नेऊ नका. साहेबाचं उत्तर आलं. तहरीमने वाचून दाखवलं, की गुडघा आता बराच बरा आहे, चौकशीबद्दल मनापासून आभार. मी म्हणालो, कसला गुडघा? तेव्हा कळलं की कार्टी माझ्या प्रत्येक शिवीच्या जागी आदरणीय महोदय लिहीत होती आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्याला तेल लावायचा सल्ला देत होती. साहेबाने पुढे लिहिलं होतं की पार्सल पोचल्याची नोंद त्याला दिसते, तरी मास्तरांची अडचण असेल तर दुसरा माउथपीस तो फुकट पाठवेल. मी साफ नकार कळवला. फुकट घ्यायला मी काय दर्ग्याच्या पायरीवर बसलो आहे? मला माझाच माउथपीस हवा होता, विकत घेतलेला.

पोस्टात गेलो तर त्यांनीही तेच सांगितलं, पार्सल दिलं, सही आहे. सही अशी की ती माझी, तुमची किंवा एखाद्या कोंबडीची, कुणाचीही असू शकते. मी तिथे बराच आवाज केला आणि घरी आलो. गल्लीत मात्र कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ते हमदानच्या कानावर गेलं असतं आणि त्याने खुळखुळे घरपोच आणून दिले असते.

आणि परवा मी तुमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला आलो. बैठकीत बसलो, सूनबाईंनी पाणी दिलं, मी वर मान केली. तुमच्या शोकेसमध्ये, प्लॅस्टिकच्या ताजमहालाशेजारी, क्रोशाच्या रुमालावर माझा माउथपीस उभा होता.

तुम्ही माझी नजर पाहिलीत आणि हौसेने म्हणालात, "वळखला का, मास्तर? तुमचाच आहेर. काय वस्तू हाय ते आमाला अजून न्हाई कळलं, पण सूनबाई रोज पुसती. माईकवर पुकारलं तवा तुमी सलाम केला व्हता, ध्यानात हाय ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? वहिनींनी तो अत्तराच्या बाटलीचा भाग असावा असं सांगितलं, अमृतने फवारणीच्या पंपाचा नोझल असल्याची शंका काढली. तुम्ही दोघांनाही गप्प केलंत की परदेशी वस्तूला नावं ठेवायची नसतात. मी लाडू तोंडात घातला तो बराच वेळ तिथेच राहिला.

जुन्नरला येऊन शेजारच्या जानकूला गाठलं. जानकू टोमॅटोचा टेम्पो चालवतो आणि आमच्याकडे रीतच आहे की घर बंद असलं की टपाल शेजारी घेतो. त्याने क्षणात सांगितलं, "म्या घेतलं की पार्सल. आळेफाट्याला चाललोच व्हतो, म्हणलं मांडवात देऊ. तुमच्या दोन्ही हातात वाजाप, मग कुठं द्यायचं? टेबलावर ठिवलं आन् सांगितलं, तय्यब मास्तरचं हाय. काय खोटं बोललो का?" खोटं काहीच बोलला नाही. ते टेबल आहेराचं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही एवढंच. टेबलावरच्या माणसाने जे ऐकलं ते इमानदारीत माईकवर पुकारलं. पोस्ट खरं, साहेब खरा, जानकू खरा, आणि मी सलाम करून मोकळा.

आता माझं म्हणणं ऐका. मी तो माउथपीस परत मागत नाही. नवरा-नवरीला दिलेला आहेर मागे घेतला तर त्यांच्या संसाराला ते बरं नसतं, हे मलाही कळतं. शिवाय तुमचा फेटा मी ईदला बांधून मिरवलो आहे. साहेबाची माफी मी मागणार नाही, कारण मी त्याला चोर म्हणालो ते इंग्रजीत पोचलंच नाही. पोस्टात केलेला आवाज मात्र मागे घेईन, तेही त्यांनी चहा विचारला तर. तुमच्या बैठकीत मी त्या शोकेसकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही आणि बोटही लावलं नाही. या तय्यबने आजवर सूर लावले, पण कुणापुढे हात पसरला नाही. हे सगळं तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं, बाकी काही मनात नाही.

वडीलधाऱ्यांना आदाब, लहानांना दुआ, आणि वहिनींना खोकल्यावर ज्येष्ठमध.

तुमचा,
तय्यब मास्तर
शाने-जुन्नर ब्रास बँड

ता. क. तुमच्या लेकीचं, वृषालीचं लग्न मार्गशीर्षात ठरल्याचं ऐकून आनंद झाला. सुपारी तुम्ही हमदानच्या की-बोर्डाला दिल्याचंही ऐकलं, त्याचा नाही झाला. त्या दिवशी तुमच्याच दारात मला खुळखुळे घेऊन उभं करायचं त्याने ठरवलं आहे. वृषाली माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली. तिच्या लग्नात मी खुळखुळा हलवणार नाही, त्यापेक्षा घरी बसेन, आणि घरी बसणं मला सोसणार नाही. तुमच्या घराण्यात वाजंत्र्याला मानाचा आहेर द्यायची पद्धत आहे. यंदा फेटा नको, फेटा आहे. शोकेसमध्ये जे काही सहज हाताला लागेल ते द्या. माईकवर पुकारताना 'परत' हा शब्द येऊ देऊ नका.

ता. क. दुसरा. आहेर जेवणानंतर देतात हे मला माहीत आहे. पण हा नवरदेव मारुतीच्या देवळातून निघायच्या आधी द्या. नंतर दिलात तर त्याचा मला काय उपयोग?

ता. क. तिसरा. परवा तुम्ही सगळे प्रसादाची पातेली उतरवायला मागच्या दारी गेला होतात, तेव्हा आतून एकदम आवाज आला आणि तुम्ही वहिनींना ओरडून विचारलंत की रेडकू सुटलं की काय. रेडकू दाव्यालाच होतं, भाऊ. वरचा सूर अगदी बरोबर लागतो.